चिलखताची चमक

सासऱ्यांच्या टेबलाकडे नजर गेली की ती झटकन मान फिरवायची. ज्या काचेच्या पेल्यात ते ब्रश धुवायचे त्याच्या तळाशी राखाडी गाळ बसलेला, आणि पेल्याला खेटून चहाचा कप. कधी ब्रश कपात बुडायचा, कधी घोट पेल्यातला घेतला जायचा. दोन्ही वेळा मामंजी नुसतं "हॅत्" म्हणायचे आणि कामाला लागायचे. ब्रशला टोक काढायचं तर तो सरळ तोंडात. ओठांच्या कोपऱ्यात कायम कुठल्या तरी रंगाचा ठिपका. जेवताना तो ठिपका घासागणिक आत सरकताना दिसायचा, आणि ती ताट घेऊन खिडकीकडे तोंड करून बसायची.

"इतकं काय नाक मुरडायचं?" नवरा म्हणायचा. "लहानपणापासून बघतोय मी. मेले का ते?"

"तेच तर आश्चर्य आहे," ती म्हणायची.

तिची सगळी नोकरी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत झालेली. स्वच्छ दिसणाऱ्या थेंबात काय काय वळवळत असतं ते तिने भिंगाखाली पाहिलं होतं, आणि एकदा पाहिलं की ते विसरता येत नाही.

मामंजींचा छंद होता बोटाच्या दोन पेरांएवढ्या सैनिकांचा. धातूचे ओतीव सैनिक आणायचे, रंगवायचे, आणि रविवारी क्लबातल्या लांबरुंद टेबलावर मांडून, फासे टाकत लढाया खेळायच्या. त्यांच्या सैन्यात भाव खायचं ते चिलखती पथक. बाकीच्यांचे सैनिक बाटलीतल्या चंदेरी रंगाने नव्या चमच्यासारखे चकाकायचे. मामंजींची चिलखतं मात्र खऱ्या लोखंडाची वाटायची: काळपट, जड, आणि कडेकडेने उजेडाची बारीक धार. क्लबातले दातांचे डॉक्टर, म्हणजे त्यांचे हाडवैरी, दर वेळी विचारायचे, "काय लावता हो याला?" मामंजी मिशीतल्या मिशीत हसायचे. डॉक्टरांना चमक कशी येते ते कळत नव्हतं, यातच त्यांची अर्धी लढाई जिंकलेली असायची.

या वर्षी मामंजींच्या हातांना कंप सुटला. रंगवणं थांबलं. जे आहेत त्यांच्यावरच आता खेळायचं, असं ते म्हणाले. त्यानंतर ते जेवतानाही फारसं बोलेनासे झाले. उरला तो एक रविवार.

एके दिवशी नवरा त्यांना हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेला होता. घर रिकामं बघून तिने हातमोजे चढवले आणि सैनिकांची फळी पुसायला घेतली. पथकाचा सेनापती उचलला तर बोटांना काहीतरी मेणचट लागलं. तिने भिंग लावून पाहिलं. चिलखतावर चिकट, करडा थर होता आणि त्यात बोटाच्या ठशाच्या रेघा. तिच्या अंगावर काटा आला. वर्षानुवर्षांचा मळ! तिने सेनापतीला स्पिरिटमध्ये बुचकळलं आणि मऊ ब्रशने स्वच्छ घासलं.

स्पिरिट करडं झालं. सेनापती बाहेर आला तो कोळशाच्या तुकड्यासारखा, मिट्ट काळा.

मळ गेला होता आणि मळाबरोबर चिलखतही. रविवार तोंडावर आलेला.

तिने धावत जाऊन दुकानातला चंदेरी रंग आणला. पातळ करून दोन हात दिले. सेनापती वाढदिवसाच्या केकवरच्या बाहुलीसारखा लखलखू लागला. भिंगाखाली रंगातल्या चकत्या माशाच्या खवल्यांसारख्या दिसत होत्या. वरून पातळ तपकिरी रंग सोडला, तर गंजलेला डबा झाला. तिने पुन्हा पुसलं. रंगात काळा मिसळला, चकाकता काळा देऊन त्यावर चंदेरी दिला. दर वेळी धातूचा रंग यायचा, धातू येत नव्हता. शेवटी सगळं पुसून तिने त्याला पुन्हा नुसता काळा करून फळीवर ठेवला.

"सांगून टाक त्यांना," नवरा म्हणाला.

"तू सांग ना. तुझे वडील आहेत."

"धुतला कोणी?"

सांगायची वेळच आली नाही. मामंजी स्वतःच फळीपाशी गेले, पथकावरून नजर फिरवली आणि थबकले.

"याला आंघोळ कोणी घातली?"

ती पुढे झाली. "मी. मला वाटलं, मळ आहे."

त्यांनी तो काळा ठोकळा उचलून उजेडात धरला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "डॉक्टर परवा म्हणणार, म्हाताऱ्याचा सेनापती शोक पाळतोय," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले तरी थरथरत होते.

"मामंजी, काय लावता ते सांगा. मी करते."

"तू?" त्यांनी तिच्या हातमोज्यांकडे पाहिलं. "तुला जमायचं नाही, सूनबाई. काम अवघड नाही, पण तुला जमायचं नाही."

"सांगा तर."

त्यांनी मऊ पेन्सिल काढायला लावली. तिचं शिसं पॉलिश पेपरवर घासून पूड करायची. इथवर तिला पटलं. शिसं म्हणजे ग्राफाइट, ते पातळ पापुद्र्यांनी पसरतं, चंदेरी रंगासारखं कणाकणाने चमकत नाही. मनातल्या मनात तिने स्वतःला वेडी ठरवलं; हे आधी कसं सुचलं नाही?

"आणि पूड चिकटवायची कशाने?"

मामंजींनी थरथरतं बोट उचललं, नाकपुडीच्या बाजूच्या खोबणीत खालपासून वरपर्यंत फिरवलं आणि तिच्यासमोर धरलं. बोट चकाकत होतं.

ती पाऊलभर मागे सरकली. म्हणजे ते सगळं पथक, फळीवर ओळीने उभं असलेलं, ज्याच्यावरची धूळ ती इतकी वर्षं झटकत होती...

"सगळे?" तिने विचारलं.

"घोडेसुद्धा."

"दुसरं काही चालत नाही?"

"तेल लावलं तर चिखल होतो. व्हॅसलीन लावलं तर पुटं चढतात. करून बघ, हुशार आहेस ना तू."

तिने करून बघितलं. शिवणयंत्राचं तेल, मेणबत्तीचं मेण, हाताला लावायचं क्रीम. मामंजींचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. मग न्हाणीघरात जाऊन, दाराला कडी घालून, आरशाकडे न बघता तिने स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं. बोट कोरडं ठक्क. दिवसातून चारदा साबणाने तोंड धुणाऱ्या बाईच्या नाकावर काय सापडणार?

नवरा हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. "माझं घे. हवं तेवढं घे."

त्याचं घेतलं. पण तो दाढीनंतर काहीतरी सुगंधी चोपडायचा. पूड चिलखतावर डागाडागांनी बसली. आणि मामंजींना स्वतः बोट फिरवायला सांगितलं, तर पहिल्याच झटक्यात सेनापतीचा गाल करडा झाला. त्यांनी बोट मागे घेतलं आणि हात टेबलाखाली लपवला. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांनी तसाच हात लपवला होता, हे तिला आठवायला नको होतं, पण आठवलं.

तिने हातमोजा काढला.

"इकडे वळा," ती म्हणाली.

मामंजींनी तोंड वर केलं, दातांच्या डॉक्टरांपुढे करतात तसं. नाकावरची बारीक भोकं, त्यातले काळे ठिपके, कोमट, किंचित ओली कातडी. बोट टेकलं मात्र, तिच्या दंडापर्यंत शिसारी गेली. तिने ओठ घट्ट मिटले आणि बोट वरपर्यंत नेलं.

"जोराने. गुदगुल्या होतात," मामंजी म्हणाले.

"बोलू नका हो!"

बोट पुडीत टेकवलं आणि सेनापतीच्या छातीवर गोल गोल फिरवू लागली. आधी नुसता काळा. मग करडा. मग, मामंजींनी सांगितल्याप्रमाणे दाब कमी करत नेला तसं, त्या काळ्यातून लोखंड वर आलं. खांद्याच्या कडेवर उजेडाची धार उभी राहिली. एका बोटात एक खांदा व्हायचा. पाठीसाठी पुन्हा नाक, ढालीसाठी पुन्हा नाक. एकदाही तिला सवय झाली नाही.

मामंजींनी सेनापतीला पथकात ठेवलं, मान तिरकी करून पाहिलं. "हं," म्हणाले. एवढंच. पण त्या दुपारी जेवताना ते डॉक्टरांना कुठून घेरायचं यावर एकटेच बोलत होते.

रविवारी तीही क्लबात बरोबर गेली. डॉक्टरांनी नेमका सेनापतीच उचलला, उजेडात धरला, अंगठ्याने कुरवाळला. "काय लावता हो याला?" आणि त्याच अंगठ्याने बिस्किटाचा तुकडा मोडून तिच्यापुढे केला. ती नको म्हणाली. तिला वाटलं होतं की निदान या क्षणी तरी हसू येईल. आलं ते मळमळणं.

घरी येऊन तिने हात साबणाने तीनदा धुतले. बोटाच्या रेघांतला करडेपणा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या चहाच्या कपाजवळ नवा घोडेस्वार उभा होता. काळा रंग देऊन तयार. देताना हात हललेला, घोड्याच्या पायांखालची चकतीही काळी झालेली. शेजारी पेन्सिल. समोरच्या खुर्चीत मामंजी, चेहरा तुकतुकीत.

"कालपासून तोंड धुतलेलं नाही," ते अभिमानाने म्हणाले.

तिने कप उचलून लांब, खिडकीत नेऊन ठेवला. मग रिकामी खुर्ची ओढली आणि बाह्या वर केल्या.