सगळ्या बायकांचे गुडघे

"चाला म्हणे, चाला. जसं काही आजवर मी कुणाच्या खांद्यावर बसूनच फिरत होते."

शिवणवाल्या मावशी हे स्वतःशीच पुटपुटल्या. पण सिस्टर तेव्हा त्यांच्या दंडाला प्रेशरचा पट्टा गुंडाळत होती आणि तिचा कान मावशींच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. तिला हसू आलं, ते तिने ओठांआड दाबलं. प्रेशर बघताना हसणाऱ्या नर्सवर कुणी विश्वास ठेवत नाही.

"काय म्हणालात, मावशी?"

"कुठं काय. पट्टा आवळ झाला म्हटलं."

"तिच्या गुडघ्यांचं दुखणं आहे," शेजारच्या खुर्चीतून काका म्हणाले.

काका म्हणजे मावशींचे यजमान. घड्याळं दुरुस्त करायचे. एकाच खोलीत एका भिंतीला त्यांचं टेबल, दुसऱ्या भिंतीला मावशींचं मशीन, आणि मधे गिऱ्हाइकांची खुर्ची. इतकी वर्षं पाठीला पाठ लावून बसल्यावर मावशींना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काकांनी द्यायचं, यात दोघांनाही काही वावगं वाटत नसे. मावशींना भूक लागलीय का, हेसुद्धा काकाच सांगत.

"कोपऱ्यापर्यंतसुद्धा येत नाही हो. जरा भरभर चल म्हटलं की थांबते, आणि म्हणते, घरी चला. मी म्हणतो, अगं, आत्ता तर निघालो!"

मावशी समोरच्या वजनकाट्याकडे बघत राहिल्या. जणू काका वजनकाट्याबद्दलच बोलत होते.

साखर गेल्या खेपेपेक्षा वाढली होती. गेल्या खेपेला ती त्याच्या आधीच्या खेपेपेक्षा वाढली होती. सिस्टरने आकडा मोठ्याने वाचला नाही. तिचं लक्ष निम्मं इथे आणि निम्मं बोळाच्या टोकाला होतं. तिथे दवाखान्यातल्या एकुलत्या एका संडासाचं दार सकाळपासून सताड उघडं होतं आणि आत नळवाला पाईपशी झटापट करत बसला होता.

"झालं का हो?" तिने इथूनच हाक मारली.

"होतंय, बाई!"

सकाळपासून तो हेच सांगत होता.

दवाखाना तसा छोटा. एक तपासणीची खोली, एक पडदा लावलेला कोपरा, भिंतीकडेने बाकं टाकलेला हॉल. डॉक्टर तरुण होते, काडीपैलवान, रोज पहाटे धावायला जायचे. म्हणून बाकावरच्या मंडळींनी त्यांचं नाव 'पळपुटे डॉक्टर' ठेवलं होतं. डॉक्टरांना ते माहीत होतं आणि ते त्यावर मनापासून हसायचे, इतका साधा माणूस. आधी पाय हलवा, मग गोळी वाढवू, हा त्यांचा खाक्या. सिस्टरला त्यांनी खास प्रशिक्षणाला धाडलं होतं. तेव्हापासून साखरेचा आणि प्रेशरचा प्रत्येक पेशंट तिच्यापुढे बसायचा. दिवसभर काय करता, चालायला कुठे जाता येईल, कुणासोबत, आणि अडतं कुठे, हे तिने गप्पा मारत काढून घ्यायचं.

पुरुषांचं दहा ठिकाणी अडायचं. वेळ नाही, कुत्री मागे लागतात, बूट चावतात, एकट्याने कंटाळा येतो. बायकांचं एकाच ठिकाणी अडायचं. गुडघे. तीन मजले टोपली चढवणारी भाजीवाली म्हणायची गुडघे. दिवसभर वर्गात उभी राहणारी शाळेतली बाई म्हणायची गुडघे.

"सिस्टर, इथल्या पाण्यात काही आहे का हो?" डॉक्टर एकदा चक्रावून म्हणाले होते. "सगळ्या बायकांचे गुडघे एकदम कसे गेले?"

"असेल काहीतरी," असं म्हणून सिस्टर लगबगीने बाहेर पडली होती. तिला बोळाच्या टोकाला जायचं होतं.

गुडघे तिचेही दुखायचे. म्हणजे घरी ती तसं सांगायची. संध्याकाळी नवरा चपला घालून दारात उभा राही, "चल गं, एक फेरी मारू," आणि ती गुडघ्यावर हात ठेवून म्हणे, तुम्हीच जा. तो बिचारा जाताना रोज म्हणायचा, लोकांना सांगे ब्रह्मज्ञान तेवढं तुझ्याकडून शिकावं. ती हसायची. पण जपून. खळखळून हसायचं तिने केव्हाच सोडलं होतं.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर हे सुरू झालं. आधी फक्त शिंकेला, मग हसण्याला, आता जरा भरभर चाललं तरी. गडद रंगाचे कपडे, पर्समध्ये तळाशी घडी घातलेला जादा कपडा, कुठेही गेलं की पहिल्यांदा कडी असलेलं दार हुडकायचं, सगळं अंगवळणी पडलं होतं. मोठ्या जावेला एकदा फोनवर आडून आडून विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, सगळ्यांचंच असं असतं. पाणी कमी पी." तेव्हापासून सिस्टर दिवसभर लोकांना भरपूर पाणी प्या म्हणून सांगायची आणि स्वतः गोळीपुरता घोट घ्यायची.

बरं, यावर इलाज नाही असंही नव्हतं. प्रशिक्षणात एका बाईंनी त्याचाही तास घेतला होता. त्या जागेचे स्नायू आवळायचे, सोडायचे, नेमाने केलं की हळूहळू ताकद येते, पुष्कळजणींना फरक पडतो. बाई फळ्यावर चित्र काढून सांगत होत्या आणि झाडून साऱ्या नर्सा माना खाली घालून लिहिण्याचं सोंग करत होत्या. कुणी शंका आहे का, असं बाईंनी विचारलं. कुणालाही शंका नव्हती.

मावशींच्या गुडघ्याबद्दल मात्र सिस्टरला शंका होती. परवाच तिच्या एप्रनची शिवण उसवलेली बघून मावशींनी बाकावरूनच हात पुढे केला होता, "द्या इकडे, दोन टाके घालते." टाके घालताना टाचण्यांची डबी सांडली. मावशी झटकन उकिडव्या बसल्या, बाकाखाली सरकत सरकत एकूण एक टाचणी वेचली आणि भरल्या ओंजळीने तशाच उठल्या. हाताचा टेकू नाही, हुं नाही की चूं नाही. असला गुडघा सिस्टरच्या धाकट्याचाही नव्हता.

आणि त्या गुडघ्यात उद्या सुई जाणार होती.

"उद्या मोठ्या हॉस्पिटलात नेतोय तिला," काका सांगत होते. "डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय ना. सांध्यात इंजेक्शन देतात म्हणे. एकदा गुडघा सुटला की बघा कशी पळते."

"मावशी, पडद्याआड चला," सिस्टर एकदम म्हणाली. "पाय तपासायचेत."

पडद्याआड मावशी स्टुलावर बसल्या. सिस्टरने त्यांचा तळवा हातात घेतला. पडदा जमिनीपासून चांगला वीतभर वर होता, आणि पलीकडे काकांचे बूट येऊन उभे राहिले, टोकं आतल्या बाजूला.

"मावशी," सिस्टर कुजबुजली, "चालताना तसलं काही होतं का?"

"तसलं म्हणजे?"

"तसलं म्हणजे... शिंकताना, खोकताना..."

"खोकला नाहीये तिला!" बूट बोलले.

मावशींनी सिस्टरकडे पाहिलं. डोळे क्षणभर असे काही थांबले, की सिस्टरला वाटलं, आता आलंच ओठांवर. तिने त्यांच्या टाचेवरून उगाच बोट फिरवलं. आता आपणच बोलावं. मला होतं, एवढंच म्हणायचं. शब्द कुठला वापरायचा ते तिने मनात उलटून पालटून पाहिलं. डॉक्टरी शब्द लांबलचक आणि परका होता, घरचा शब्द उघडा होता, आणि पडद्याखाली बूट उभे होते.

"नाही हो," मावशी म्हणाल्या. "गुडघेच."

"बरं," सिस्टर म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला.

ती तरातरा डॉक्टरांच्या खोलीत गेली. तरातरा म्हणजे तिला जमेल तितकी. "डॉक्टर, शिवणवाल्या मावशींचा गुडघा परत एकदा बघता का? मला काही तो..."

"दोनदा बघितला, सिस्टर. सूज नाही, आवाज नाही, पूर्ण वाकतो. तरी दुखतो म्हणतात, चालवत नाही म्हणतात. मग मी तरी काय करू? इंजेक्शन द्यायचं की नाही ते तिथले लोक ठरवतील." डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "ते दिलं की साखर आणखी उसळेल हे मलाही कळतं. पण त्या चालल्याच नाहीत तर आज ना उद्या रोजची इन्सुलिनची सुई लागणारच. तुम्हाला काही वेगळं सांगितलं का त्यांनी?"

"नाही," सिस्टर म्हणाली. सांगितलं नव्हतंच. खोटं काहीच नव्हतं, आणि तरी आपण खोटं बोललो असं तिला वाटत राहिलं. तिने वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं. "नळवाला अजून..."

"चला, हॉलमध्ये या," डॉक्टर उठले. त्यांना काहीतरी सुचलं होतं. सुचलं की ते असे खुर्ची मागे ढकलत उठायचे. "एकेकाला सांगून थकलो. आज सगळ्यांना एकत्रच करायला लावू. बाहेर जायला नको, कुत्री नकोत, काही नको."

हॉलमध्ये दोन्ही बाकं भरलेली होती. डॉक्टरांनी टाळी वाजवली.

"मंडळी, औषधं मिळायला वेळ आहे. तोवर जागच्या जागी व्यायाम. घरात, फरशीएवढ्या जागेत करता येईल असा. उभ्याने पाय उचलायचे, मग छोट्या छोट्या उड्या. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी बसूनच. बाकीचे उभे राहा."

दोन म्हातारे कुरकुरत उभे राहिले. बाकावरची एकही बाई हलली नाही. भाजीवालीने तर दोन्ही हात दोन्ही गुडघ्यांवर असे घट्ट ठेवले, जसं कुणी ते पळवून नेणार होतं.

"सगळ्यांचेच?" डॉक्टर म्हणाले.

"सगळ्यांचेच," भाजीवाली म्हणाली. "आमचे गुडघे एकजुटीनं आहेत."

हशा पिकला. मावशीही हसल्या, पण लगेच तोंड मिटून ताठ बसल्या, एका पायावर दुसरा पाय आवळून. हॉलमध्ये दुसऱ्या कुणी ते पाहिलं नाही. सिस्टरने पाहिलं, कारण तीही तशीच उभी होती, औषधांच्या कपाटाला टेकून, पायाला पायाचा पीळ घालून.

"हरकत नाही. सिस्टर आधी करून दाखवतील," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे भीती जाईल. या सिस्टर, इथे मधे. चांगली उंच उडी मारा."

सिस्टर मधे आली. बोळाच्या टोकाला पाईपवर हातोडा पडत होता. नळवाल्याला आता विचारून उपयोग नव्हता.

"आधी पाय उचलते," ती म्हणाली आणि एक पाय उचलून खाली ठेवला. मग दुसरा. फार सावकाश.

"झकास. आता उडी."

"अं... उडीचं आपण पुढच्या खेपेला..."

"अहो, एक छोटीशी! तुम्ही नाही मारली तर या कशा मारतील?"

सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. ते दोन म्हातारेही, हात कमरेवर ठेवून. सिस्टरचं तोंड तापलं. तिने एप्रनचे दोन्ही खिसे मुठीत धरले. काहीतरी गमतीचं बोलून निसटावं, तर गंमत सुचेना.

"डॉक्टर, त्यांना नका हो लावू."

मावशी बोलल्या होत्या. काकांनीही चमकून पाहिलं.

"त्यांचेही गुडघे दुखतात," मावशी म्हणाल्या.

सिस्टरने मावशींना असं कधीच सांगितलं नव्हतं. मावशी तिच्याचकडे बघत होत्या, शांतपणे. कुणाच्या अंगावरचं पांघरूण सरकलं तर जाता जाता नीट करावं, तसं ते बोलणं होतं. ते घ्यावं आणि गप्प बसावं, एवढंच करायचं होतं.

"तुमचेसुद्धा?" डॉक्टर खरोखर कळवळले. "आणि इतके दिवस अंगावर काढताय? मग असं करा, उद्या मावशी चालल्याच आहेत. मी तुम्हालाही चिठ्ठी देतो. दोघी बरोबर दाखवून या."

"हो, हो!" काका खूश झाले. "गाडी एकच करू. हिलाही सोबत होईल, सकाळपासून घाबरलीय नुसती."

"मी कुठं घाबरलेय," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा हात आपसूक त्या धडधाकट गुडघ्यावर गेला.

सिस्टर त्या हाताकडे बघत राहिली. टाके घालणारा, बोटांच्या टोकांना सुईचे बारीक चरे असलेला हात. तो गुडघा झाकत होता. डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं होतं. मान डोलवली असती तर सगळं निभावलं असतं. डॉक्टर उडीचं विसरले असते, काकांनी गाडी ठरवली असती, आणि उद्या दहा वाजेपर्यंत मावशींच्या गुडघ्यात सुई गेली असती.

"नको चिठ्ठी," सिस्टर म्हणाली.

"का?"

तिने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. काकांकडे नाही, त्या म्हाताऱ्यांकडेही नाही. ती मावशींच्या समोर जाऊन उभी राहिली. आवाज खाली ठेवायचा असं तिने ठरवलं होतं, पण नेमकं त्याच वेळी पाईपवरचा हातोडा थांबला आणि साऱ्या हॉलला ऐकू गेलं.

"मावशी, माझा गुडघा नाही दुखत. भरभर चालले की मला लघवी होते."