आखूड बाह्या

गर्वाचं घर खाली म्हणतात, पण टायपिस्टबाईंचं घर सव्वीस वर्षं शाबूत होतं. त्यांच्या हाताखालून एकही चुकीचा कागद गेला नव्हता आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना ऐकवत. इस्पितळाच्या तळमजल्यावर बसून त्या रिपोर्ट टाईप करत. आधी खटखटणारं यंत्र होतं, मग संगणक आला. बाईंचा तोरा मात्र तोच राहिला. डॉक्टरांना स्वतःचंच अक्षर लागेनासं झालं की ते कागद घेऊन मुकाट खाली येत, आणि बाई चष्मा सावरत "बघू इकडे" म्हणत.

म्हणूनच छातीच्या विकारांचे मोठे डॉक्टर निवृत्तीच्या वर्षी पुस्तक लिहायला बसले, तेव्हा वही त्यांनी बाईंच्याच टेबलावर आणून ठेवली. पुस्तक त्यांच्या रुग्णांवर होतं, एका प्रकरणात एक माणूस. नावं, वयं, धंदे सगळं बदललंय, कोणी कोणाला ओळखणार नाही, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी सहा प्रकरणं झरझर टाईप केली. दोनदा डोळे पुसले, आणि एका लांबलचक वाक्याची न विचारता दोन वाक्यं केली.

सातव्या प्रकरणात एक कारकून होता. अबोल, भिडस्त, कोणाच्या अध्यात ना मध्यात. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठ, चार पूर्णांक तीन सेंटिमीटर.

बाईंची बोटं तिथेच थांबली. हा आकडा त्यांनी सहा वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसून टाईप केला होता. त्या दिवशी ढिगातला पुढचा कागद उचलला तर वर नवऱ्याचं नाव. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टला द्यावा असं क्षणभर वाटलं, पण तिनं चूक केली असती तर? म्हणून त्यांनी तो रिपोर्ट स्वतःच टाईप केला, नजरेखालून घातला, सहीला पाठवला, आणि मग फायलींच्या कपाटामागे जाऊन उभ्या राहिल्या. पुढे दोन महिने रोज संध्याकाळी त्या आधी त्या कपाटामागे जात, मग नळावर तोंड धूत, आणि मगच वॉर्डात जात.

नवरा शिंपी होता. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा. आणि अबोल? मास्तरांकडे गिऱ्हाईक एक शर्ट टाकायला यायचं आणि तासभर हसून जायचं. दोन माणसांचे खांदे सारखे नसतात हे त्यांचं ठाम मत. अहो, एकाच माणसाचे दोन खांदे तरी कुठे सारखे असतात, असं म्हणून ते समोरच्याला आरशापुढे उभं करून दाखवायचेच. तयार कपड्यांना ते बेवारशी कपडे म्हणत.

अशा माणसाला इस्पितळात भरती झाल्यावर दुखण्यापेक्षा जास्त झोंबला तो तिथला हिरवा झगा, सगळ्यांना एकाच मापाचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाईंकडून सुई-दोरा आणि कात्री मागवली. पंधरा दिवसांत अख्खा वॉर्ड मापात बसला. शेजारच्या खाटेवरच्या लुकड्या आजोबांना खांद्यावर चुण्या, कोपऱ्यातल्या जाड्या ड्रायव्हरला बगलेत जास्तीचा तुकडा. स्वतःच्या झग्याच्या बाह्या तर त्यांनी कोपराच्या वर कापल्या, शिवताना मध्ये येतात म्हणून. वॉर्डच्या सिस्टर आधी खूप ओरडल्या आणि आठवड्याभरानं स्वतःचा युनिफॉर्म घेऊन आल्या.

आणि या वहीत तोच माणूस कारकून होऊन मान खाली घालून बसला होता. रडत होता. बाहीनं डोळे पुसत होता.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच बाई टाईप न केलेला कागद घेऊन जिना चढल्या. डॉक्टर खोलीतलं कपाट रिकामं करत होते. बाई दारातूनच बोलल्या.

"डॉक्टर, गाठ जशीच्या तशी ठेवलीत आणि माणूस बदललात."

डॉक्टर ओशाळले. शिंपी लिहिलं असतं तर इथल्या झाडूवाल्यानंही ओळखलं असतं, म्हणून कारकून केला, असं त्यांनी सांगितलं. आकडा बदलायचं सुचलंच नाही. वही तुमच्याकडे देताना तरी सुचायला हवं होतं, हेही त्यांनी कबूल केलं. पण बाईंचा पारा उतरला नाही. कारकुनांशी माझं काही वाकडं नाही, त्या म्हणाल्या, पण तो माझ्या नवऱ्याच्या खाटेवर काय करतोय? आणि रडणं कुठून आणलंत? एकतीस वर्षांच्या संसारात त्या माणसाला त्यांनी रडताना पाहिलं नव्हतं. शेवटच्या संध्याकाळीसुद्धा त्या वर गेल्या तर विनोद तयार होता.

"आणि खोटंच लिहायचं तर निदान नीट तरी लिहा. ह्यांच्या बाह्या कोपराच्या वर होत्या. कुठल्या बाहीनं डोळे पुसतील?"

डॉक्टरांनी हातातली पुस्तकं खाली ठेवली. मग बाईंसाठी खुर्ची ओढली.

"ताई, ते रडले होते," ते म्हणाले. "एकदाच. दुपारी, तुम्ही खाली कामावर होतात तेव्हा. बायकोला सांगू नका, असं वचन घेतलं होतं त्यांनी माझ्याकडून. म्हणाले, ती रोज खाली रडून येते आणि वर येऊन हसते. मग मी कोणत्या तोंडानं रडू?"

बाई खुर्चीत बसल्या. कपाटामागचं कोणालाही कळलं नाही अशी त्यांची सहा वर्षं खात्री होती. नुसत्या नजरेनं छातीचं माप सांगणारा माणूस, त्याच्या नजरेतून हे सुटणार होतं थोडंच? त्यांना वाईट वाटलं, रागही आला, आणि तो राग कोणावर काढावा तेच कळेना.

"अजून काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"बाहीनं डोळे पुसायला गेले. हात वर केला, तर बाही पोचेचना." डॉक्टरांना हसू आलं. "तर म्हणाले, आत्ता कळलं डॉक्टर, दवाखान्यात बाह्या एवढ्या लांब का ठेवतात ते. मग मीच रुमाल दिला. डोळे पुसले आणि त्या ड्रायव्हरचा झगा पुढे शिवायला घेतला."

बाईंनी मान वर केली. आता मात्र त्यांची खात्री पटली. डोळ्यांत पाणी असताना असलं काही बोलणारा माणूस जगात एकच होता, आणि तो त्यांचा होता.

हे वाक्य का गाळलंत, असं त्यांनी विचारलं. प्रकरण गंभीर होतं, विनोदानं हलकं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तुमची इच्छा असेल तर सगळं प्रकरणच काढून टाकतो, डॉक्टर पुढे म्हणाले.

"काढू नका. रडणंही काढू नका. पण रडणारा माझा माणूस हवा, तुमचा कारकून नको."

परवानगीच्या कागदावर त्यांनी तिथल्या तिथे सही केली. लोक ओळखतील, डॉक्टरांनी पुन्हा एकदा बजावलं. ओळखू देत, बाई म्हणाल्या, ओळखण्यासारखाच माणूस होता.

चार दिवसांनी नवं सातवं प्रकरण खाली आलं. त्यात दुकान होतं, आरसा होता, झगे होते, सिस्टरांचा युनिफॉर्मसुद्धा होता. बाईंनी एकही वाक्य मोडलं नाही. शेवटच्या पानावर ते मास्तरांचं बोलणं आलं. बाईंनी ते टाईप केलं, एकदा वाचलं. चूक नव्हती. आणि एकाएकी त्यांना हसू फुटलं, चांगलं खो खो, की पलीकडच्या टेबलावरची पोरगी दचकून उठली आणि काय झालं बाई, म्हणून विचारायला लागली.

"काही नाही गं," चष्मा पुसत बाई म्हणाल्या, "आमचे हे बोलले काहीतरी."