सदस्य क्रमांक दोन

भिंगवालीच्या घरात सकाळी कुणी कुणाला हाक मारत नसे. पाच वर्षांच्या चिमणीला उठवायचं तर खांद्यावर हात ठेवायचा, ती वळून बघेपर्यंत थांबायचं आणि मग ओठ नीट हलवत सावकाश बोलायचं, अशी त्या दोन खोल्यांना सवय झाली होती. दूध उतू चाललं म्हणून आजी कितीही ओरडली तरी चिमणी शेगडीजवळ बसून आपले मोजे घालत राही.

भिंगवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची. फिरत्या चाकावर पाण्याची धार सोडून गोल काच फ्रेमच्या मापाला आणायची. दुकानातल्या काकांनी गमतीने ठेवलेलं नाव गल्लीभर झालं, एवढंच. नवऱ्याचं घर सोडून, मुलीला कडेवर घेऊन ती आईकडे आली, त्याला आता बराच काळ लोटला होता. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकणाऱ्याने दहादा चूक केली तरी त्याचा आवाज चढत नसे; बाहेर जिभेवर साखर. घरात मात्र त्याचा हात बोलायचा. तिने हे आईला एकदाच सांगितलं आणि आईने पुन्हा कधी विचारलं नाही. घटस्फोटाचा दावा कोर्टात तारखा खात पडला होता.

त्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचे कागद बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "दोन्ही कानांना यंत्रं लागतील. सरकारी योजनेतून मिळतात, ऑनलाइन अर्ज करा. पण चालढकल करू नका. बोलणं शिकण्याचं एक वय असतं. ते कुणाची वाट बघत नाही."

ती तशीच सेवा केंद्रावर गेली. केंद्रावरच्या मुलीने भराभर माहिती भरली आणि हात पुढे केला. "ओटीपी सांगा."

"माझ्या फोनवर काहीच आलं नाही."

"तुमच्या कसा येईल ताई? कुटुंबप्रमुखाच्या फोनवर जातो." मुलीने पडदा तिच्याकडे वळवला. सगळ्यात वर नवऱ्याचं नाव, त्याचा नंबर. खाली बारीक अक्षरात: सदस्य क्रमांक दोन, पत्नी. सदस्य क्रमांक तीन, मुलगी.

"पण मी त्याच्याकडे राहत नाही."

"वेगळं खातं काढायचं तर घटस्फोटाचा निकाल लागतो. नाहीतर प्रमुख मयत असावा लागतो," ती मुलगी म्हणाली, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन ओशाळली.

मागच्या बाकावर बसलेला एक दलाल मात्र अजिबात ओशाळला नाही. "त्यात काय एवढं? मयत टाका! दाखल्याचं मी बघतो. सुंठीवाचून खोकला गेला."

"मेलेला असता तर मी इथे कशाला आले असते?" ती म्हणाली. केंद्रात हशा पिकला. तीही हसली, आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. तिने नवऱ्याला फोन लावला.

"ओटीपी ना? देतो की," तो गोड आवाजात म्हणाला. "आज माझ्याकडे चार माणसं जेवायला आहेत. तू ये, स्वयंपाक कर, हसून वाढ. लोक विचारतात, बायको कुठे आहे म्हणून."

ती गेली. भाज्या चिरल्या, भात केला, पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं. सासूबाई एका कोपऱ्यात ताटं पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पाहुणे गेल्यावर नवऱ्याने मजेत फोन उघडला, केंद्राकडून पुन्हा मागवलेले आकडे वाचून दाखवले आणि अर्ज एक पाऊल पुढे सरकला.

एकच पाऊल. कारण अर्ज आरोग्य खात्याचा, यंत्रं पुरवणार अपंग कल्याण खातं, आणि त्या खात्याचं संकेतस्थळ वेगळं. तिथे पुन्हा ओटीपी. या वेळी नवऱ्याने दीर-जावेला बोलावून ठेवलं होतं. "यांच्यासमोर म्हण, चूक माझी होती."

भिंगवालीने जमिनीकडे बघितलं. चिमणीचे ओठ डोळ्यांसमोर आले. आजी काय म्हणते ते समजून घ्यायला ती स्वतःचे ओठ हलवून बघायची. "चूक माझी होती," ती म्हणाली. जावेचा चेहरा पडला. नवऱ्याने आकडे दिले.

तिसऱ्या वेळी रुग्णालयाची तारीख पक्की करायची होती. नवरा फोनवर शांतपणे म्हणाला, "आता बॅगच घेऊन ये. रोज रोज काय येणं-जाणं?"

ती दुकानाच्या मागच्या खोलीत उभी होती. चाक फिरत होतं, पाणी वाहत होतं. आज यंत्र, उद्या शाळा, परवा लस, पुढे परीक्षेचा अर्ज. मुलगी मोठी होईपर्यंत दर वेळी याच्या फोनची घंटा वाजणार आणि दर वेळी हा नवी किंमत सांगणार. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"नाही येणार," ती म्हणाली.

"मग पोरगी बहिरी राहील. तुझ्या हट्टापायी."

तिने फोन ठेवला. हातातली काच तिच्या आयुष्यात पहिल्यांदा वाकडी घासली गेली. काका आत आले, त्यांनी काच पाहिली, तिचा चेहरा पाहिला, आणि चाक बंद केलं.

मग सुरू झाल्या सरकारी फेऱ्या. आरोग्यवाले म्हणाले, कुटुंब नोंदणी खात्यात जा. कुटुंब नोंदणीवाले म्हणाले, हा महिला कल्याणाचा विषय. महिला कल्याणच्या खिडकीतल्या बाई खरोखर कळवळल्या. "तुमच्यासारख्यांसाठी आमची तक्रारीची सोय आहे ना. कुटुंबाच्या खात्यातून आत जा, तिथे..." बाई मध्येच थांबल्या. पुढचं वाक्य काय होतं, ते दोघींनाही कळलं होतं.

त्याच कार्यालयाच्या भिंतीवर एक फलक होता. नव्या एकत्रित संकेतस्थळाची माहिती द्यायला मोठ्या सभागृहात बैठक होती, सगळ्यांना मुक्त प्रवेश. भिंगवाली आईला आणि चिमणीला घेऊन गेली.

सभागृह भरलं होतं. संकेतस्थळाचे संचालक मनमोकळे होते, बोलायला रसाळ. मोठ्या पडद्यावर संकेतस्थळाचं पहिलं पान झळकत होतं: खात्यांची नावं, एकाखाली एक, प्रत्येकाशेजारी त्याचं बोधचिन्ह. "नागरिक हा आमचा केंद्रबिंदू आहे," संचालक म्हणाले. "आता घरबसल्या सगळं होतं. कुणाचा अर्ज अडलाय? या, इथेच करून दाखवतो!"

भिंगवाली उठली. आईने तिचा पदर धरला आणि मग आपणच सोडला.

माहिती भरून झाली. पडद्यावर चौकट उघडली: ओटीपी टाका. "फोन यजमानांकडे आहे का?" संचालक हसले. "अहो मग लावा की त्यांना! स्पीकरवर लावा. दोन मिनिटांचं काम."

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, फोन लावला आणि ध्वनिक्षेपकासमोर धरला.

"बॅग भरली का?" नवऱ्याचा आवाज सभागृहभर घुमला. "तुला सांगितलंय, सामान घेऊन ये, तेव्हाच ओटीपी. मागच्या खेपेला दादा-वहिनींसमोर नाक घासलंस तेव्हा दिला की नाही? मग आता कसला माज? सरकारने मला प्रमुख केलंय. जा, सरकारला विचार."

तिने फोन बंद केला. "विचारायलाच आलेय," ती म्हणाली.

संचालकांनी घसा साफ केला. "हे बघा बाई, ही तुमची घरगुती बाब आहे..."

"घरगुती होती, साहेब. मी त्या घरातून बाहेर पडले तेव्हा संपली होती. तुम्ही माझ्या मुलीचे कान त्याच्या खिशात नेऊन ठेवलेत, तेव्हा ती सरकारी झाली."

"तुम्ही असं करा, माझ्या केबिनमध्ये या. तुमच्यासाठी काहीतरी खास मार्ग काढू."

केबिनमध्ये गेलं की काम होईल, हे तिला दिसत होतं. आईलाही दिसत होतं. चिमणी खुर्चीवर उभी राहून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती.

"अर्ज घ्या," भिंगवाली म्हणाली, "पण केबिनमध्ये नाही. इथे, या सगळ्यांसमोर. आईची सही मुलीसाठी पुरते, एवढं मोठ्याने म्हणा. आतमध्ये गुपचूप झालं तर तो माझ्यावर उपकार होईल. मला उपकार नकोत."

मागून एक म्हातारी उठली. "माझा नंबर म्हणून मुलाने त्याचाच टाकलाय. माझ्या पेन्शनचं मला काही कळत नाही." एक परिचारिका उठली, मग एक माणूस: त्याच्या आजारी भावाचा फोन हरवला होता आणि भावाला बोलता येत नव्हतं. बघता बघता अर्धं सभागृह उभं राहिलं. मंचावर संगणक चालवणारी बाई, जिच्या गटाने ही पानं बनवली होती, हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब, आपण पहिल्याच पानावर विचारतो की तुम्हाला कुठलं खातं हवंय. काय हवंय, ते विचारतच नाही." ध्वनिक्षेपक चालूच होता. ते सगळ्यांनी ऐकलं.

संचालकांना विशेष मंजुरीचा अधिकार होता. त्या दिवशी त्यांनी तो उभ्या सभेत वापरला आणि आईची सही पुरते हे मोठ्याने म्हणाले.

यंत्रं आली. चिमणीला ती मुळीच आवडली नाहीत. नळ सोडला की ती किंचाळायची, भांडं पडलं की पलंगाखाली जायची. यंत्रं काढून तिने दोनदा डाळीच्या डब्यात लपवली. मग एका संध्याकाळी आजी कुणाशी तरी तिची तक्रार करत होती, तर पाठमोरी चिमणी गर्रकन वळली आणि आजीकडे रागाने बघायला लागली. आजी रडत रडत शेजारणीला सांगत सुटली, "पोरगी माझ्यावर चिडली हो!"

तोवर संगणकवाल्या बाईंनी सेवा केंद्राच्या व्हरांड्यात बायकांना भेटायला सुरुवात केली होती. त्या फक्त विचारायच्या, ज्या दिवशी सरकारची गरज पडली, त्या दिवशी काय झालं होतं? आणि लिहून घ्यायच्या. त्यातून नवं पहिलं पान तयार झालं. त्यावर खात्यांची नावंच नव्हती. बाळ झालंय. कुणी आजारी आहे. काम सुटलंय. घरातलं माणूस गेलंय. आणि शेवटी, भिंगवालीच्या आग्रहावरून: घर सोडावं लागलंय. प्रत्येकाचा नंबर ज्याचा त्याचा. कुठल्या खात्याने काय करायचं ते खात्यांनी आपसात बघावं.

उद्घाटनाचं निमंत्रण द्यायला संचालक स्वतः दुकानात आले. फीत भिंगवालीनेच कापावी, शेजारी चिमणी उभी राहावी, फोटो छान येईल.

समारंभाला तिने धुऊन ठेवलेले कपडे घातले. मंचावर चढली आणि समोरच्या पडद्याकडे पाहिलं. बाळ, आजार, काम, मृत्यू. शेवटची ओळ नव्हती.

"ती कुठे गेली?"

"वरून आक्षेप आला," संचालक कुजबुजले. "म्हणे, अशाने घरं मोडायला उत्तेजन मिळतं. आणि बायकांचा स्वतःचा नंबर सध्या फक्त आरोग्यासाठी. बाकीचं टप्प्याटप्प्याने. तुमचं काम तर झालंय ना?"

तबकातली कात्री तिच्यापुढे आली. तिने ती घेतली नाही.

"माझं झालं," ती ध्वनिक्षेपकापाशी जाऊन म्हणाली. "आजारापुरतं झालं. उद्या मुलीचं नाव शाळेत घालायला मी पुन्हा त्याच्या दारात उभी राहीन. घरं आम्ही पडद्यावरची ओळ वाचून मोडत नाही, साहेब. मोडलेल्या घरातून बाहेर पडलेल्या बाईला जायला रस्ता नसतो, म्हणून ती ओळ हवी होती. अर्धवट कामाची फीत मी कापणार नाही. आणि फोटोत माझी मुलगी उभी राहणार नाही."

ती खाली उतरली, चिमणीचा हात धरला आणि सभागृहाच्या दारातच फरशीवर बसली. आधी तिची आई येऊन बसली. मग म्हातारी, मग परिचारिका. नंतर एक बाई आली, ती भिंगवालीची जाऊ. ती नुसती शेजारी टेकली. पाहुण्यांना बाहेर जायचं तर आता यांना ओलांडूनच जावं लागणार होतं, आणि कुणाचा पाय उचलत नव्हता.

"अहो, काय हवंय तरी काय तुम्हाला?" संचालक मंचावरून जवळजवळ ओरडलेच.

मंचाच्या कडेला संगणकवाल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी संगणक बंद न करताच काखेत घेतला, पायऱ्या उतरल्या आणि दारात येऊन फरशीवर मांडी घातली. संगणक मांडीवर उघडून त्यांनी पुसून टाकलेली ओळ पुन्हा लिहिली.

"सांगा," त्या म्हणाल्या. "घर सोडलं त्या दिवशी तुम्हाला सगळ्यात आधी काय लागलं?"

"झोपायला जागा," भिंगवाली म्हणाली. "मुलीला दूध. परवानगी मात्र कुणाची लागली नाही. तसंच लिहा."