किरकिऱ्यावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना धुण्याचा डबा आहे. धुण्याचा म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे कपडे आले असतील, तर ते आधी बाजूला ठेवा. माझ्यात साधा रुमालही मावत नाही. माझ्या पोटात स्टीलची एक वाटी आहे. तिच्यात पाणी घालून बटण दाबलं, की वाटीच्या तळाची चकती इतक्या भराभर थरथरते की तिचा खरा आवाज माणसाच्या कानाला कळतही नाही, नुसती किरकिर ऐकू येते. पाण्यात बारीक बुडबुडे उठतात, फुटतात, आणि जिथे ब्रश पोचत नाही तिथला मळ सुटून वर येतो. चष्मा द्या, अंगठी द्या, मी धुऊन देतो. पण माझ्या नशिबी वाफेच्या सिगारेटी आल्या. ती तुमच्या वयाची वस्तू नव्हे आणि मोठ्यांनीही तिचं कौतुक करू नये, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुमचे आईवडील माझ्यावर संशय घेतील. संशयाची मला सवय आहे, पण हौस नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे रांगेच्या शेवटी एक बाई बसायची. प्रत्येक डब्यात पाणी घालून बघायचं आणि मग 'तपासले' असा ठप्पा मारायचा, हे तिचं काम. माझी पाळी आली आणि जेवणाची घंटा झाली. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ठप्पा मारला आणि डबा घेऊन उठल्या, म्हणजे जेवणाचा. त्या दिवसापासून ठप्पा, हमीपत्र, खोक्यावर छापलेले तारे, कशावरच माझा विश्वास राहिला नाही. खरं सांगायचं तर स्वतःवरही नव्हता. आपल्याला काम येतं की नाही, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

असा मी समुद्र ओलांडून जावा बेटावरच्या कुदुस गावात, तोयिबच्या दुकानात येऊन पडलो. तोयिब पंखे, चार्जर, रेडिओ, हाताला लागेल ते विकायचा. विकलेलं परत घ्या म्हटलं की मात्र त्याला कमी ऐकू यायचं.

एका सकाळी सोलिखिन नावाचा किडकिडीत माणूस दुकानात आला. त्याने घराच्या पुढच्या खोलीत वाफेच्या सिगारेटींचं दुकान काढलं होतं. गिऱ्हाइकं रस भरतात ती छोटी काचेची टाकी धुऊन द्यायला त्याला यंत्र हवं होतं. टाकी नीट धुतली नाही की आंब्याच्या रसाला कालच्या कॉफीची चव येते, आणि गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जातं. तोयिबने आम्हा तिघांना फळीवर मांडलं.

"हा मोठा घ्या. पाणी गरम करतो, खाली नळ आहे. सोनार वापरतात."

किंमत ऐकून सोलिखिनने त्याच्याकडे बघणंच सोडलं. त्या किमतीत माझ्यासारखे चार आले असते.

"मग हा पांढरा. निळा दिवा लागतो. आवाज बघा कसा दणदणीत!"

 सोलिखिनने खिशातून डबा झाकायच्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाची पट्टी काढली आणि पांढऱ्याच्या पाण्यात उभी धरली.

"अहो, डबा घ्यायला आलात की मुलगी बघायला?" तोयिब म्हणाला.

"मुलगी बघताना एवढा विचार केला नव्हता दादा. म्हणून आता करतोय."

मिनिटभराने पट्टी बाहेर आली ती जशीच्या तशी, फक्त ओली. मग तिचं दुसरं टोक माझ्या पाण्यात आलं आणि माझी बोबडी वळली. आता सगळं उघडं पडणार, असं वाटलं. मी जीव खाऊन थरथरलो. मिनिट संपल्यावर सोलिखिनने पट्टी उजेडात धरली. टोकाची चाळण झाली होती.

"हा द्या," तो म्हणाला. "पांढऱ्यात नुसती मोटार आहे. पाणी हलवतो, धूत नाही."

"कागद खराब असेल तुमचा."

"कागद एकच होता, तोयिबदादा."

आपण खरे आहोत हे मला त्या दिवशी कळलं. आनंद झाला, पण पुरता नाही. ह्या माणसाने मला विश्वासाने घेतलं नव्हतं, भोकं मोजून घेतलं होतं.

घरी सोलिखिनची बायको झुलैखा, छोटी मुलगी आणि आई रुमियाती होत्या. कुदुस म्हणजे लवंगेच्या सिगारेटींचं गाव. रुमियातीबाई तशाच एका कारखान्यात तेहेतीस वर्षं कामाला होत्या. तिथे बायका जोडीने बसतात. एक सिगारेट वळते, दुसरी दोन्ही टोकांची तंबाखू कात्रीने कापून सारखी करते. रुमियातीबाई कापणाऱ्या, आणि वळणारी त्यांची मैत्रीण सुकार्ती. कात्री ज्याची त्याने घरून आणायची. मजुरीही जोडीच्या कामावर, त्यामुळे एकीचा हात मंदावला तर दुसरीचंही नुकसान. मला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय आणलंस?"

"धुण्याचा डबा, आई."

"लवंगेच्या सिगारेटीवर तुला वाढवला. आता तिच्याच पोटावर पाय द्यायला दुकान काढलंस, आणि वर हा किरकिऱ्या आणलास!"

"तू सोड ना तो कारखाना. कितीदा सांगू?"

"तू सोड तुझं दुकान."

झालं, त्या दिवसापासून माझं नाव किरकिऱ्या पडलं.

तीन वर्षं मी इमानाने काम केलं. सोलिखिन टाकी सुटी करायचा, रबराच्या कड्या काढून त्याही पाण्यात टाकायचा, बॅटरीचा भाग चुकूनही माझ्याजवळ आणायचा नाही आणि मग मला काम द्यायचा. गल्लीतलाच मुजियोनो नावाचा ट्रकवाला दर शनिवारी यायचा. चार वर्षांपूर्वी त्याने लवंगेची सिगारेट कायमची सोडली होती. "किरकिऱ्याने धुतलेली टाकी म्हणजे नवी कोरी," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि त्याच्या शब्दावर ट्रकवाल्यांची रांग लागायची. मित्रांनो, कौतुक ऐकायला मलाही आवडतं, कितीही संशयी असलो तरी.

मग ईद झाली, आणि पुढच्याच महिन्यात मुजियोनो तणतणत आला.

"सोलिखिन, टाकी धुतलीस की लवंगेच्या पोत्यात लोळवलीस?"

सोलिखिनने टाकी नाकाला लावली. "मला नाही येत वास."

झुलैखाने हुंगली. तिलाही नाही आला. येणार कसा? ज्या घरात जन्मापासून आईच्या पदराला, उशीला, भाताच्या वाफेलाही लवंगेचा वास, तिथल्या नाकाला तो वास कळतच नाही. कुदुसबाहेरच्या माणसाला किंवा सिगारेट सोडलेल्यालाच तो कळतो. पण सोलिखिनला हे सुचलं नाही. त्याला वाटलं, मुजियोनो पैसे बुडवायला बहाणा करतोय.

"हे बघ," मुजियोनो आवाज खाली आणून म्हणाला, "ह्या वासाने मला तलफ येते. परवा पेट्रोलपंपावर सिगारेटचं पाकीट हातात घेऊन उभा होतो मी. पुन्हा असं झालं तर माझी ट्रकवाली पोरं तुझ्याकडे येणार नाहीत."

तो गेला. पुढच्या आठवड्यात दोन ट्रकवाले फिरकले नाहीत, त्याच्या पुढच्या आठवड्यात पाच. महिनाभर असंच राहिलं तर दुकानाला कुलूप लावावं लागणार, हे झुलैखाने चूल पेटवता पेटवता बोलूनही दाखवलं.

आता सोलिखिनच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळू लागला. आधी पुढच्या गल्लीतला दुकानदार. मग तोयिब. मग मी. पुन्हा पट्टी आली, पुन्हा मी थरथरलो, पुन्हा चाळण झाली, तरी तो माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला. शेवटी झुलैखा म्हणाली, "मी काही बोलत नाही. पण ह्या घरात लवंग कोणाच्या हाताला असते, एवढं बघा. आणि दुकान बंद पडावं असं कोणाला वाटतं, तेही."

"आई असं करील?"

"मी नाव घेतलं का?"

मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. आणि मला तोंड नव्हतं.

शुक्रवारी दुपारी पुरुष मशिदीत जातात, दुकान बंद असतं, झुलैखा मुलीला शाळेतून आणायला गेलेली असते. शुक्रवारी कारखाना लवकर सुटतो. ईद झाल्यापासून त्या तासाभरात रुमियातीबाई हळूच पुढच्या खोलीत यायच्या, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकायच्या आणि आपली कात्री माझ्यात ठेवायच्या. लवंगेचं तेल आणि तंबाखूचा चीक बसून ती इतकी चिकट झालेली असायची की पाती उघडायला जड जायची. "कोणाला कळलं तर गटारात फेकीन तुला," असं मला बजावायच्या. काम झालं की पाणी ओतून नवं भरायच्या. पण लवंगेचं तेल असं जात नाही. ते माझ्या झाकणाच्या रबरात मुरायचं आणि तिथून टाक्यांच्या कड्यांत उतरायचं.

त्या गुरुवारी, पाणी कोणी बदललं तर कळावं म्हणून, सोलिखिनने वाटीच्या आत, पाण्याच्या पातळीला पेन्सिलची बारीक रेघ ओढली. माझ्याच पोटात माझ्यासाठी सापळा! शुक्रवारी तो टोपी घालून मशिदीकडे निघाला, आणि नमाज संपताच कोणाशी न बोलता घरी आला. एरवी तो चौकात म्हशीच्या मटणाचा गरम रस्सा खाऊन सावकाश यायचा. रुमियातीबाईंना त्या दिवशी उशीर झाला होता. कात्री अजून माझ्यातच होती.

"म्हणजे तूच," तो दारातून म्हणाला.

त्या दचकल्या. "हळू बोल."

"का हळू? गल्लीला कळू दे. पोराचं दुकान बुडवतेय! तोंडावर सांगायचंस ना, तुला बघवत नाही म्हणून!"

"बुडवायचं असतं तर नाल्यात टाकलं असतं ह्याला. धुवायला कशाला बसले असते?"

"काय धुतेस?"

त्यांनी कात्री बाहेर काढली. पुसायला फडकं घेतलं, ते बोटांतून निसटलं. पुन्हा उचललं, पुन्हा निसटलं. उजव्या हाताची तीन बोटं मिटतच नव्हती.  रागाने लाल झालेला सोलिखिनचा चेहरा हळूहळू उतरला.

"घासायला जमत नाही रे," त्या म्हणाल्या. "कात्री चिकट राहिली की टोकं वाकडी कापली जातात, मुकादम तो माल बाजूला काढतो. सुकार्ती गप्प राहून माझी अर्धी कापते. स्वतःचं वळायचं काम सोडून. किती दिवस कापेल?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

 काम सोड, हेच सोलिखिन म्हणाला असता. ते त्यालाही माहीत होतं आणि त्यांनाही.

"हात दुखतो का?" त्याने विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. तेहेतीस वर्षं कात्री चालवणारी ती करारी बाई माझ्यासमोर लहान मुलीसारखी रडली. मला फार वाईट वाटलं. सोलिखिनने फडकं घेतलं, कात्री पुसली, पाती उघडून मिटून बघितली आणि पुन्हा पुसली. त्याला दुसरं काही सुचत नसावं.

दुसऱ्या दिवशी मुजियोनो आला तो शेवटची टाकी घेऊन जायलाच. सोलिखिनने आढेवेढे घेतले नाहीत.

"वास होता. तुझं खरं होतं. आईची कात्री धुतली जात होती ह्यात. ती कापणारी आहे ना, टोकं. आता वेगळं भांडं केलंय, रबर बदलतोय. तुला दुसरीकडे जायचं तर जा, पण तिला काही बोलू नकोस."

 मुजियोनो टाकी नाकाला लावून उभा राहिला. त्याची आईही त्याच कारखान्यात कापणारी होती. ती गेली त्याच वर्षी त्याने सिगारेट सोडली होती.

"मला वाटायचं तलफ येतेय," तो म्हणाला. "सिगारेटची नव्हती रे ती."

सोलिखिनने टाकी धुवायला हात पुढे केला.

"नको. राहू दे अशीच." आणि तो पैसे न देता निघून गेला.

मित्रांनो, माझा स्वभाव तुम्हाला कळलाच आहे. फुकट नेण्याचा डाव असावा, असं माझ्या मनात आलं. पण दारातून मला रस्ता दिसतो. मुजियोनो ट्रकमध्ये चढला आणि किती तरी वेळ गाडी सुरू न करता तसाच बसून राहिला. पुढच्या शनिवारी त्याने मागचेही पैसे दिले आणि दोघा ट्रकवाल्यांना बरोबर आणलं.

आता मी जुना झालो आहे. माझं झाकण तडकलं आहे, किरकिर वाढली आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याचं पाणी बदलत जा, कोरडा चालवू नका, पुसून ठेवा. विकत घेताना खुशाल संशय घ्या, दुकानदाराला राग आला तरी चालेल. पण घरातल्या माणसाला असं पारखायला जाऊ नका. कित्येक आठवडे त्या घरात सगळ्यांनी सगळं हुंगून बघितलं, पण हात दुखतो का, एवढं रुमियातीबाईंना कोणी विचारलं नाही. मीही नाही. पण मला तोंड नव्हतं, मित्रांनो. तुम्हाला आहे.