समेटाचा हात

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक नियम आहे. प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब विचारतात, कोणाचं कोणाशी वाकडं आहे का? असेल त्यांनी पुढे यायचं, सगळ्यांदेखत हात मिळवायचा आणि मगच भाकर नि द्राक्षरस घ्यायचा. हात मिळवला की विषय संपला, पुन्हा कोणी तो उकरायचा नाही. हात मिळवला नाही तर दोघांनाही प्रभुभोजन बंद. बांधावरची भांडणं या नियमाने मिटलेली मी पाहिली आहेत. म्हणून सुनील आणि माधुरीच्या बाबतीतही पाळकसाहेबांकडे जाऊन 'यांचा समेट करा' असं सांगणारी मीच होते. सुनील माझा मुलगा, माधुरी माझी सून. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

एप्रिलचा पहिला रविवार होता. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आल्यामुळे चर्च भरलं होतं आणि पत्र्याखाली जीव नकोसा झाला होता. डावीकडे सतरंजीवर आम्ही बायका, उजवीकडे पुरुष. माधुरी दोन महिन्यांनी माहेराहून, शेवगावहून आली होती. ती माझ्याजवळ बसली नाही, दाराशी बसली. गावात आशाताईचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेविकेचं, काम करणारी बाई, एरवी हिच्या हातांना उसंत नसते. आज पदर उजव्या हाताने सावरत होती, कारण डावा अजून खांद्यापर्यंत वर जात नव्हता. ते मला दिसलं आणि मी गायनाच्या पुस्तकात तोंड घातलं.

सुनील पाथर्डी-नगर रस्त्यावर जीप चालवतो. माधुरी न्हाणीत घसरून पडली आणि उगाच रुसून माहेरी गेली, असं त्याने गावभर सांगितलं होतं. गावाने मान डोलावली. मी काहीच बोलले नव्हते. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी मी दोन महिने स्वतःची समजूत घालत होते.

"सुनील, माधुरी, पुढे या," पाळकसाहेब म्हणाले.

सुनील लगेच उठला. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर साळसूदपणा. पुढे जाऊन त्याने हात लांब केला. माधुरी सावकाश आली आणि त्याच्यापासून तीन-चार पावलांवर थांबली. तिचा हात पदराखालीच राहिला.

"हात दे, बाई. प्रभूने आपल्या सगळ्यांना क्षमा केली आहे."

"क्षमा करीन, साहेब. हात न्हाई देनार," ती म्हणाली. "हात दिला की आजच जीपमधी बसून घरी जावं लागंल. मंग परत मारलं, तर 'इषय मिटलाय' म्हनाल तुमी."

कमिटीचे सेक्रेटरी भिमाजी उठले. हा माणूस स्वभावाने कडक, पण लबाड नाही, हे मला सांगायलाच हवं.

"नगरला ट्रेनिंगला जातीया ना ही, तिथं त्या स्त्रीमुक्तीवाल्या बाया डोकं भरवत्यात हिचं," ते म्हणाले. "साहेब, इचारा तिला. ती प्रभूची हाय का त्या बायांची?"

पाळकसाहेब वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांना घाम फुटला होता. "माधुरी, शास्त्र पतीच्या अधीन राहायला सांगतं," ते म्हणाले. "बाहेर काहीही शिकवोत. दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही. तुला एक काहीतरी ठरवावं लागेल."

"काय ठरवायचं, साहेब? बायकुबी मानूस हाय, हे मला आधी ह्याच जागंवर कळलं. त्या बायांनी नुसता कायदा सांगितला. मला त्या दोन्हीत भांडन दिसत न्हाई. माझं भांडन ह्यांच्याशी हाय." तिने सुनीलकडे पाहिलं. "अन् नवऱ्यानं बायकुला सवताच्या अंगावानी जपावं, असंबी शास्त्रात हाय. ते वचन ह्या चर्चात म्या कवा ऐकलं न्हाई."

बायकांच्या बाजूला चुळबुळ झाली. सुनील हसला. त्याचं ते हसू मला ठाऊक आहे, ते आलं की मी भांडी आवरायला लागते.

"मारलं कुनी हिला? न्हानीत पडली ती. हिच्या तोंडाचं खरं धरनार का तुमी?"

"आत्याबाई घरात हुत्या," माधुरी म्हणाली. मला ती आत्याबाई म्हणते. "त्यांना इचारा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सुनीलचीही. म्हातारपणी मला भाकरी कोण घालणार, हे तो मला त्या नजरेने विचारत होता, आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. पोटचं एकच पोर आहे माझं. भीती वाटली.

पण त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं आणि मला त्याचे वडील आठवले. याच जागी मी त्यांच्याशी सहा वेळा हात मिळवला होता. दर वेळी मंडळीने आनंदाने गीत गायलं. सहाव्या वेळी तर घरी पोहोचेपर्यंतही त्यांना धीर निघाला नाही, ओढ्यापाशीच त्यांनी मला धरून मारलं. हात मिळवला होता, म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. माझ्यासारखीच दुसरी बाई तयार करायला मी पाळकसाहेबांच्या दारी गेले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं आणि स्वतःचाच संताप आला.

मी उठले.

"त्यानं मारलं," मी म्हणाले. "बसायच्या पाटानं मारलं, खांद्यावर. म्या तिथंच तांदूळ निवडत हुते. ती वरडाया लागली तवा उठले, अन् शेजारी ऐकू जाऊ नये म्हनून दार लावलं. दार म्याच लावलं."

सुनीलचा हात खाली आला. "घरी ये तू," तो हळूच म्हणाला आणि रांगांमधून बाहेर निघून गेला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. पाळकसाहेब खाली मान घालून उभे होते.

भिमाजींनी घसा साफ केला. "समेट झाला न्हाई. नियमाप्रमानं दोघांलाबी बंद."

"मार खानारीला का बंद?" मी विचारलं. "जेचं चुकलं त्यानं थांबावं. तिनं का उपाशी उठायचं? माझ्या वेळंला सहा बारी तुमी गीत गायलं, भिमाजी. आज नियमाचं नाव मला सांगू नका."

पाळकसाहेबांनी वर पाहिलं. "माधुरी, बस," ते म्हणाले. "तू घेशील. सुनीलचं मी बघतो."

मी तिच्यासमोर जाऊन हात पुढे केला. निदान माझ्याशी तरी, असं मनात होतं. खरं बोलल्याचं बक्षीस मला तिथल्या तिथे हवं होतं.

"आज न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "खांदा बरा हुईल. पर तुमी दार लावलेलं मला लई लागलंय."

ती जाऊन बायकांमध्ये बसली. गीत झालं, प्रार्थना झाली. भाकरीचे तुकडे सकाळी मीच केले होते; चाळीस वर्षं मीच करते. भिमाजी ताट घेऊन बायकांच्या रांगेत आले. माधुरीने तुकडा घेतला आणि डोळे मिटले. मग ताट माझ्यासमोर आलं.

"घ्या, मालनबाई," भिमाजी म्हणाले.

मी हात मांडीवरच ठेवले. "माझं चुकलंय," मी म्हणाले. "ती हात देईल तवा घेईन."

त्यांनी ताट पुढच्या बाईकडे नेलं.