खरेदीखतात नसलेला टिप्या

गौतमी चार महिने आबांशी बोलली नव्हती. आबा समोर बसलेले असले तरी ती मला येऊन सांगायची, "पप्पा, त्यांना जेवायला बोलवा." चौदा वर्षांची पोर, पण हट्ट सगळा आजोबांचा उचललेला. दोघांच्या मधे निरोप पोचवून पोचवून माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

कारण होतं टिप्या, आमचा रानातला कुत्रा. दिवाळीनंतर उरवड्याच्या वाटेवरचं रान आम्ही विकलं. घेणारे शेठ तिथं गोदाम बांधणार होते. विहीर त्यांची झाली, बांधावरचे आंबे त्यांचे झाले आणि टिप्याही तिथंच राहिला. आमच्याकडे रानातलं कुत्रं रानाचंच धरतात. राखणीला ठेवायचं, भाकरी तिथंच न्यायची, घराच्या उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. शेठनी विचारलं, "आणि हा कुत्रा?" आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, रानाचाच हाय." गौतमी तेव्हा शाळेत होती. मी शेजारीच उभा होतो, मूग गिळून.

माझी बायको शुभांगी फार बोलत नाही, करून मोकळी होते. परवा रविवारी जेवणं झाल्यावर तिनं टीव्हीवर तो जुना कार्टूनचा पिक्चर लावला. गौतमी पाच वर्षांची असताना आबा तिला मांडीवर घेऊन तो बघायचे. त्यात एक कान पडलेला पिवळा कुत्रा. घरचे लोक दुसऱ्या गावी जातात, हा मागं राहतो, मग नदी, डोंगर, बर्फ तुडवत नव्या घराच्या दारात येऊन उभा राहतो. तो दारात आला की आजोबा-नात दोघं टाळ्या पिटायचे.

"कुत्र्याचाच पिक्चर बरा सापडला तुला," मी हळूच म्हणालो.

"दुसऱ्या कशाला दोघं एका खोलीत बसली असती?" ती म्हणाली.

बसली खरी. आबा खुर्चीत, गौतमी पार दाराशी. कुत्रा नदीत पडला तेव्हा आबांनी पाय आखडून घेतले. शेवटी तो दारात आला. या वेळी टाळ्या काही वाजल्या नाहीत.

"घरचे एकदापण शोधायला गेले नाहीत त्याला," गौतमी टीव्हीकडे बघतच म्हणाली. "नुसते खिडकीत बसून रडले. लहानपणी हे कळलंच नव्हतं."

आबा मला म्हणाले, "टिप्याला बी घरची वाट ठावं हाय. रमला आसंल त्यो तितं. न्हाईतर आला नसता व्हय?"

चार महिने म्हातारा याच एका समजुतीवर शांत झोपत होता, हे मला तेव्हा कळलं. आणि ती समजूत खोटी आहे हे मला महिनाभर ठाऊक होतं.

"आबा, तो साखळीला हाय," मी म्हणालो. "कामावरच्या पत्र्याच्या खोलीपाशी. आखूड साखळी हाय. मी गाडी थांबवली तर उठून उभा राहिला. भुंकला नाही."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"लाज वाटली."

गौतमी माझ्याकडे असं बघायला लागली की मला मान वर करवेना. आबा उठले. "खरेदीखत काढ. गौते, तू वाच. कायकाय दिलंय आपण?"

ती अडखळत वाचायला लागली. "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण..."

"पानी, झाड, गवत, लाकूड, दगूड. फुडं? कुत्रं कुटं हाय?"

तिनं पान उलटून पाहिलं. "कुठंच नाही, आबा."

"पण तुम्ही तोंडी दिलाय," मी म्हणालो.

"दिलाय. चुकलं माझं," आबा म्हणाले. "राखणीला दिलाय, बांधून घालायला न्हाई. गाडी काढ."

आम्ही चौघंही गेलो. वॉचमननं शेठना फोन लावला, तो आबांनी त्याच्या हातातून घेतला. "शेठ, मी कुशाबा. टिप्याला मी तोंडानं दिलावता, आता तोंडानंच परत मागतोय." पलीकडून शेठ हसले. म्हणाले, न्या की, भुंकत तर नाहीच तो.

साखळी काढली. गौतमी हाका मारत होती, तरी टिप्या आधी आमच्याकडे आला नाही. पूर्वी रोज तिन्हीसांजेला जायचा तसा तो बांधाबांधानं निघाला. बांध सपाट झाले होते, तरी त्यानं रेघ सोडली नाही. आंब्याखालून, बुजवलेल्या विहिरीवरून सगळी फेरी पुरी करून तो आबांच्या पायाशी येऊन बसला. शुभांगीनं डोळ्यांना पदर लावला.

"झाली बाबा राखण," आबा त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "चल आता."

घरी आल्यावर तो उंबऱ्यापाशी थांबला आणि तिथंच बाहेर बसला. आबा आत गेले, वळले, "ये" म्हणाले. टिप्यानं नुसती शेपटी हलवली.

"गौते, तूच बोलव त्याला," आबा म्हणाले. "मी जलमभर न्हाई म्हनत आलो. माझं खरं वाटायचं न्हाई त्याला."