दुपारचे तीन फोन

एक ते चार मी झोपते. गेली चाळीस वर्षं झोपते. त्या वेळात दाराची बेल वाजवणाऱ्याला आमच्याकडे माणूस समजत नाहीत, आणि फोन करणाऱ्याला तर नाहीच. शाळेत गणित शिकवत होते तेव्हाही सकाळचं सत्र मागून घेतलं होतं, ते याच झोपेसाठी. निवृत्त झाल्यावर फोनचा आवाज बंद करून तो स्वयंपाकघरात ठेवायचा नियम केला. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना हे ठाऊक आहे. आमच्या ह्यांना, म्हणजे श्यामसुंदरना, सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

मी आडवी झाले की हा माणूस मोकळा. कॅमेरा गळ्यात, टोपी डोक्यात, आणि चालले पाखरांमागे. दर रविवारी मात्र विचारायचे, "येतेस का?" मी म्हणायची, "पाखरं काय पळून जातायत?" अशी पंधरा वर्षं गेली.

गेल्या वर्षी नऊ मेला हे धायरीच्या मागच्या टेकडीवर गेले आणि परत आले नाहीत. संध्याकाळी फिरायला गेलेल्या लोकांना साडेपाचला सापडले. पालथे पडलेले, कॅमेरा छातीखाली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तीनच्या सुमारास असेल. मी स्वयंपाकघरातला फोन उचलून बघितला. दोन अकरा, दोन चौदा, दोन सव्वीस. तीन फोन.

मरणारा माणूस मदतीसाठी तीन वेळा हाक मारतो आणि बायको घोरत पडलेली असते. हे मला वर्षभर कुणी बोलून दाखवलं नाही. माझी मीच रोज बोलत होते.

कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो दोन नऊचा होता. त्यात काही नाही. वाळकं गवत, पाचोळा, दोन दगड, सगळं तिरकं. हे जुन्या रिळाच्या जमान्यातले, एका गोष्टीचा एकच फोटो काढणार, त्यामुळे मागेपुढे दुसरा फोटोही नव्हता. आमचा सौमित्र म्हणाला, "आई, बाबा पडताना बटण दाबलं गेलं असेल. काढून टाक तो." काढून टाक म्हणे. मी त्याची मोठी प्रत काढून आणली आणि झोपायच्या खोलीत लावली. ह्यांच्या पक्षीवाल्या मंडळींना मात्र दाखवली नाही. त्यांनी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकून तासाभरात कुणाच्या तरी खंड्याच्या फोटोचं कौतुक सुरू केलं होतं. ह्यांचं पडणं मी त्यांच्यापुढे मांडणार नव्हते.

पण त्या फोटोतून कुणीतरी बघायचं. खरंच सांगते. मी भुताखेतावर विश्वास ठेवणारी बाई नाही, पण खोलीत कुठेही उभी राहिले तरी त्या पाचोळ्यातून माझ्यावर नजर असायची. सूनबाईला, निकिताला, सांगितलं, तर तिने फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला आणि सौमित्रच्या कानात काहीतरी कुजबुजली. नंतर तो डॉक्टरांचं नाव घेऊन आला. मी फोटो पुन्हा सरळ केला. दुपारी पडले की सव्वादोनच्या आत उशी थरथरायची. फोन स्वयंपाकघरात, आणि उशी थरथरतेय. वर्षभर दुपारी डोळ्याला डोळा लागला नाही, तरी एक ते चार अंथरूण सोडलं नाही. सवय म्हणा, शिक्षा म्हणा.

मग मी कॅमेरा घेऊन बाहेर पडायला लागले. बायका तीर्थाला जातात, मी ह्यांच्या जागांना गेले. पाषाणचं तळं, वेताळ टेकडी, थंडीत बदकांसाठी कवडीचा नदीकाठ, खडकवासल्याची मागची बाजू, सिंहगडाचा पायथा. पहिले दोन महिने नुसत्या रिकाम्या फांद्यांचे फोटो आले, कारण पाखरं खरोखरच पळून जातात. हळूहळू जमलं. वेडा राघू बरा आला, सुतारपक्षी तर छान आला. ह्यांना दाखवावासा वाटला आणि रडू फुटलं, तिथेच, तळ्याच्या काठावर.

आणि प्रत्येक ठिकाणी ते मागे असायचे. फोटो काढण्याआधी श्वास रोखून धरायची ह्यांची सवय. मी कॅमेऱ्याला डोळा लावला की पाठीमागे कुणाचातरी चालू असलेला श्वास थांबायचा. मी बटण दाबेपर्यंत थांबलेला असायचा. वळून बघायचं धाडस मला एकदाही झालं नाही. विचारायचं एवढंच होतं, की फार दुखलं का हो? आणि मला किती शिव्या दिल्यात?

धायरीच्या टेकडीवर वर्षभरात सहा वेळा गेले. दर वेळी सकाळी सातला, आणि बाराच्या ठोक्याला घरी. का, तर एक वाजता झोपायचं. वर्षश्राद्ध तिथीने झालं, पण नऊ मे उजाडली तेव्हा ठरवलं, आज त्याच वेळेला जायचं. एक वाजता रिक्षा केली. भिंतीवरचा फोटो पिशवीत घातला.

टेकडीवर ऊन असं, की चपलेतून तळपाय भाजले. जागा पाठ होती. मी ह्यांच्यासारखी पालथी पडले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मागचा श्वास थांबला. गवत, पाचोळा, दोन दगड. दुसरं काही नाही. दोन अकरा झाले आणि मी जमिनीला तोंड लावून हुंदके द्यायला लागले.

"बाई, पडलाव काय?"

डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी, हातात काठी, मागे सात-आठ शेळ्या. खालच्या वस्तीवरची सुंदराबाई. तिने मला उठवून बाभळीखाली बसवलं, पाणी दिलं. मी तिला म्हटलं, वर्षापूर्वी माझे यजमान इथे गेले. आणि का कुणास ठाऊक, पिशवीतला फोटो काढून तिच्या हातात दिला. सौमित्रशिवाय, निकिताशिवाय तो कुणी बघितला नव्हता. तिने तो लांब धरला आणि लगेच बोट ठेवलं.

"पाखरू हाय की. ह्यो काय डोळा."

मी बघितलं. पाचोळ्यात डोळा होता, अर्धवट मिटलेला. डोळा दिसला तशी चोच दिसली, मग पंख, मग अख्खा रातवा पक्षी, पाचोळ्याच्याच रंगाचा, जमिनीला पोट लावून बसलेला. वर्षभर माझ्या भिंतीवरून तोच बघत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"अंड्यावर बसलं व्हतं," सुंदराबाई म्हणाली. "मानूस हाललं की उडतं, मग अंडी उनात करपत्यात. म्हून मालक पडल्याले व्हते. मला बगून त्यांनी बोट असं व्हटावर ठेवलं. मी शेरडं पल्याडनं वळवली."

मी तिचा हात धरला. विचारलं, त्रास होत होता का त्यांना? छातीबिती धरली होती का? घाम?

"न्हाई वो. हसत व्हते. फोन कानाला. हळूच म्हनले, मालकिणीला बोलावतोय, तिला दावायचंय. तीनदा लावला. तुमी उचलंना, तर म्हनले, निजली असंल, निजू दे. मग मी गेले पल्याड." तिने काठीने एक शेळी मागे वळवली. "सांजला कळलं. तुमचं घर कुठं ठावं न्हवतं. मी तर रोज ह्या टायमाला हितंच असते. म्हनलं, येतील बाई कवातरी."

अंडी फुटली का, हे मी विचारलं. फुटली, दोन पिल्लं निघाली, असं ती म्हणाली. मग शेळ्या हाकत निघून गेली.

खाली उतरता उतरता सौमित्रला फोन लावला. तो कामात होता, पण उचलला. सगळं सांगितलं. त्याचा आवाज भरून आला. म्हणाला, बरं झालं कळलं, बाबांना त्रास नाही झाला. ते मदत मागत नव्हते, मग तू आता का स्वतःला खातेस?

"अरे, मदत मागत असते तर बरं होतं," मी म्हटलं. "मदतीला सुंदराबाई चालली असती, तू चालला असतास, कुणीही चाललं असतं. त्यांना मीच हवी होते रे. आणि मी झोपले होते."